गाडीचं झबलं

आमची नात वेळेच्या बरीच आधी जन्मली आणि जन्मल्याबरोबर तिला काचेत ठेवलं. म्हणजे रुग्णालयातल्या त्या उबदार पेटीत. पण आमच्याकडे पेटी कुणी म्हणत नाही. ‘बाळ काचेत आहे’ एवढं सांगितलं की समोरचा माणूस पुढे काही विचारत नाही. वजन किती, हेसुद्धा विचारत नाही. मला मात्र तेवढंच विचारावंसं वाटायचं. मी मोजणी खात्यात आहे. शेतांच्या हद्दी मोजण्यात माझी सगळी नोकरी गेली. एखाद्या गोष्टीचं माप हातात आलं की ती मला समजली असं वाटतं. जन्मली तेव्हा ती अकराशे साठ ग्रॅम होती. पुढे रोज सकाळी तिचं वजन करत, आणि तो आकडा मला दिवसभर पुरायचा. वाढलेला असो वा घटलेला. आकडा आहे म्हणजे बाळ आहे, असा माझा हिशेब होता.

मुलीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणलं होतं. जावई पुण्याला नोकरीला. त्यांचं घर कुर्डुवाडीचं. बातमी कळताच ते पाठीवर एक पिशवी घेऊन आले आणि राहिलेच. ऑफिसचं जमेल तेवढं काम लॅपटॉपवर करायचे. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, पण आम्ही दोघं कधी नीट बोललेलो नव्हतो. भांडण नव्हतं. उलट मान फार होता. मी त्यांना जावईबापू म्हणायचो, ते मला मामा. ‘जेवण झालं का?’ ‘झालं, मामा.’ ‘ऊन फार आहे.’ ‘हो ना, मामा.’ याच्या पुढे आमची गाडी जात नसे. फोनवर तर दुसऱ्या वाक्याला फोन मुलीच्या हातात जायचा.

रुग्णालयात आत एका वेळी एकालाच सोडत, आणि ती बहुतेक आईच असे. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ मायलेकी रिक्षा करून रेल्वे लाइन्समधल्या रुग्णालयात जायच्या, चमचाभर दूध नळीने बाळाच्या पोटात जाईपर्यंत मुलगी आत थांबायची, बायको बाहेरच्या बाकावर. आणि आम्ही दोघे पुरुष पुण्याच्या नव्हे, आमच्या गावच्या शुक्रवार पेठेतल्या घरात एकमेकांना पाणी विचारत बसायचो.

अशाच एका सकाळी त्यांनी विचारलं, “मामा, गच्चीवर जरा सामान मांडून बसलो तर चालेल का?”

पिशवीतून त्यांनी एक खोकं काढलं. आत रिमोटवर चालणारी गाडी होती, अर्धी जोडलेली. लहान मुलांची पळणारी गाडी असते तशी नव्हे. ही दगडांवरून चढणारी. चाकं गाडीच्या मानाने भलतीच मोठी, मऊ आणि खाचाखाचांची. रस्त्यावर ही माणसाच्या चालीपेक्षाही हळू जाते, पण दगडाला धरून वर चढते, असं ते म्हणाले. पुण्यात आठ-दहा जणांचा त्यांचा गट आहे. रविवारी टेकडीवर जाऊन ही मोठी माणसं गाड्या दगडांवर चढवत बसतात.

“बाळाची बातमी आली तेव्हा हेच करत बसलो होतो,” ते म्हणाले. “तसंच पिशवीत टाकून आणलं. हात रिकामे असले की डोक्यात नको ते येतं, मामा.”

आमच्यात एवढं मोठं वाक्य पहिल्यांदाच बोललं गेलं होतं. मी गाडी उचलून बघितली. खालचा सांगाडा मला चमत्कारिक वाटला. पुढची दोन चाकं एका बाजूला कलली तर मागची दोन दुसऱ्या बाजूला कलत, आणि मधल्या पट्ट्याही ओल्या कपड्यासारख्या जराशा पिळत. मला वाटलं, स्क्रू ढिले राहिलेत. मी तसं म्हटलंही. ते हसले. “नाही मामा, मुद्दाम लवचीक असतं. चारी चाकं जमिनीला लागून राहायला पाहिजेत ना.”

सांगाडा तयार होता. राहिलं होतं ते वरची बॉडी बसवणं. बॉडी म्हणजे जीपच्या आकाराचं पातळ प्लास्टिकचं टोपण. काचेसारखं आरपार, त्याला आतून पिवळा रंग दिलेला. आतून अशासाठी की दगडाला घासून वर ओरखडे आले तरी रंग जात नाही. ते मला आवडलं. त्या टोपणाच्या कडा कापायच्या, त्याला भोकं पाडायची, आणि सांगाड्यावरच्या खुंट्यांवर ते बसवून वरून पिना लावायच्या, एवढंच काम.

ते कात्री घेऊन बसले तेवढ्यात बायको पापड वाळत घालायला गच्चीवर आली.

“अहो, हे काय?” ती मला म्हणाली. “पाहुण्यांच्या हातात कात्री देऊन तुम्ही बघत बसलाय होय?”

जावयाला काम सांगायचं नाही, ही आमच्याकडची रीत. जेवल्यावर त्यांनी स्वतःचं ताट उचललं तरी बायको स्वयंपाकघरातून धावत येते. काम त्यांचं, गाडी त्यांची, हौस त्यांची; तरी मला ते पटलं. मी म्हटलं, “आणा इकडे. तुम्ही बसा.”

“मी करतो की, मामा.”

“छे, छे. मापाचं काम आहे. ते माझ्याकडे लागलं.”

त्यांनी कात्री दिली आणि बायकोने आणून दिलेला चहा घेऊन ते कठड्याच्या सावलीत बसले. टोपण हातात घेऊन बायको ते फिरवून बघत होती. “आणि हे काय? गाडीचं झबलं?”

जिन्याच्या दारात मुलगी येऊन बसली होती. ती हसली. बाळ झाल्यापासून पहिल्यांदा. मग सगळेच त्या टोपणाला झबलं म्हणू लागले.

झबल्यांचा विषय घरात होताच. बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवून ठेवायचं नाही, असं बायको मानते. आणि बाळ तर न सांगता आलं, त्यामुळे घरात साधं टोपडंसुद्धा तयार नव्हतं. बारसंही पुढे ढकललं होतं. कधीपर्यंत, ते कुणी बोलत नव्हतं. अशात सिस्टर एकदा म्हणाल्या, “मऊ कापडाची दोन झबली शिवून ठेवा, लागतील.” बायको घरी आली ती तेच घोकत. “‘लागतील’ म्हणाल्या त्या. ‘लागली तर’ असं नाही म्हणाल्या.” आणि लगेच तिने माझा मलमलचा सदरा कापायला घेतला. सदरा अजून वापरातला होता. मी तसं सांगितलं. तिने ऐकलं नाही.

झबलं बेतलं तेव्हा मी बघितलं, दोन्ही बाजूंच्या शिवणीत तिने जवळजवळ चार-चार बोटं कापड आत दुमडून ठेवलं होतं.

“बाळाच्या मापापेक्षा माया जास्त दिसायलीय,” मी म्हटलं.

“असू द्या की,” ती म्हणाली.

आमच्या कामात असली माया चालत नाही. हद्द म्हणजे हद्द. शेताचे चार कोपरे पक्के करून घेतले की मधलं काही खोटं बोलत नाही, हे मी पोटापाण्याला लागल्यापासून शिकलोय. गाडीच्या बाबतीतही मी तेच केलं. सांगाड्यावर चार कोपऱ्यांना चार खुंट्या लावल्या. टोपण रंगवलेलं, आरपार दिसत नव्हतं. म्हणून बायकोच्या करंड्यातलं कुंकू ओलं करून खुंट्यांच्या टोकांना लावलं आणि टोपण वरून अलगद टेकवलं. आतल्या बाजूला चार लाल ठिपके उमटले. स्टीलच्या पट्टीने दोन्ही कर्ण मोजून बघितले; जुळले. भोकं पाडायला खोक्यात टोकाकडे निमुळतं होत गेलेलं एक हत्यार होतं. ते फिरवत फिरवत मी भोक एवढंच केलं की खुंटी दाबून आत जावी आणि वारासुद्धा जायला जागा राहू नये. पिना लावल्या. गाडी उचलून हलवली. टोपण तसूभरही हललं नाही.

“बघा,” मी म्हटलं.

जावयांनी गाडी हातात घेतली, उलटसुलट केली. “छान बसलंय, मामा.” मग म्हणाले, “मागची भोकं जरा…”

“काय?”

“नाही, नाही. छान आहे.”

त्या संध्याकाळी मायलेकी परत आल्यावर त्यांना एक फोन आला. ते जिन्यात जाऊन बोलले आणि येऊन म्हणाले, “मामा, नवी पेठेत जाऊन येतो. बारीक स्क्रू बघतो मिळतात का.” बऱ्याच वेळाने आले. हात रिकामेच होते. दुकानं बंद आहेत म्हणाले. नवी पेठेची दुकानं त्या दिवशी बंद नसतात, हे मला ठाऊक होतं. पण जावयाची उलटतपासणी करायची नसते. मी म्हटलं, “हो का,” आणि पंखा वाढवला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत गाडी चालवून बघायचं ठरलं. गच्चीच्या कोपऱ्यात शहाबादी फरशीचे तुकडे आणि मसाला वाटायचा जुना पाटा पडून होता. जावयांनी त्यांचा एक डोंगर रचला. मुलगी खुर्ची घेऊन बसली. बायको दारातल्या सावलीत झबल्याला बंद शिवत होती. सपाटीवर गाडी ऐटीत गेली. पाट्यावर पुढचं डावं चाक चढलं, आणि मागचं एक चाक जमीन सोडून वर आलं, खांब दिसलेल्या कुत्र्यासारखं. गाडी तशीच क्षणभर तंगडी वर करून राहिली आणि आडवी झाली. कट् असा आवाज आला. मागच्या भोकापासून कडेपर्यंत टोपण चिरलं होतं.

बायकोने मान वर न करता विचारलं, “फाटलं का झबलं?”

“फाटलं.”

“माया ठेवली नसेल.”

“प्लास्टिकला कसली आलीय माया?”

“का? खालचं अंग हलायलंय आणि वरचं तुम्ही चारी बाजूंनी ताठ आवळलंय. मग उसवणारच की. आतल्या माणसाला हलायला नको?”

मी जावयांकडे बघितलं. ते पाट्याकडे बघत होते. मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि मग नवऱ्याकडे.

“तुला माहीत होतं,” ती त्याला म्हणाली. “पुण्यातल्या तुझ्या दुसऱ्या गाडीला तू मागे एकच खुंटी लावलीस ना, मधोमध? मला कौतुकाने दाखवलंपण होतंस.”

“अगं, पण…”

“मग अप्पांना सांगितलं का नाहीस?”

“मामांनी एवढं मोजून केलं होतं…”

“मोजून चुकलेत ते.”

“अगं, तोंड आवर,” बायको मुलीला म्हणाली, पण स्वतःच हसू दाबत होती. खाली रिक्षावाल्याने हॉर्न दिला. दुधाची वेळ झाली होती. दोघी गेल्या.

आम्ही दोघे राहिलो. चिरलेलं टोपण जावयांच्या मांडीवर होतं आणि ते चिरेवरून अंगठा फिरवत होते. मला राग आला नव्हता. खरं म्हणजे चोरट्यासारखं झालं होतं. माणूस आपल्या डोळ्यांदेखत चुकीचं भोक पाडतोय आणि आपण मान म्हणून बघत बसायचं, ही कसली रीत?

“जावईबापू,” मी म्हटलं, “चुकत होतं तर सांगायचं की.”

“सांगणार होतो, मामा. ‘मागची भोकं’ म्हटलं तेव्हा.”

“मग?”

त्यांचा अंगठा चिरेवरून तसाच फिरत राहिला.

“अजून एक सांगायचं राहिलंय,” ते म्हणाले. “काल मी नवी पेठेत गेलो नव्हतो.”

“माहीत आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “रुग्णालयातून फोन होता. बाळाचा श्वास मध्येच थांबला. सिस्टरनी तळपायाला टिचकी मारली, मग परत सुरू झाला. मी पोचलो तेव्हा माझ्यासमोर पुन्हा एकदा थांबला. मामा, काही होत नाही त्यात. ती रडत नाही, धडपडत नाही. नुसती शांत होते आणि यंत्र ओरडायला लागतं. डॉक्टर म्हणाले, एवढ्या लवकर आलेली बाळं श्वास घ्यायला विसरतात. औषध चालू केलंय. कॉफीत असतं तेच असतं म्हणे. बहुतेक बाळं यातून बाहेर येतात, पण पुढचे काही दिवस बघावं लागेल म्हणाले.”

“कुणाला सांगितलंत?”

“कुणाला सांगणार? तिला सांगितलं तर दूध आटेल. मामी आधीच झोपत नाहीत. आणि तुम्हाला… तुम्हाला कसं सांगायचं?”

बहुतेक म्हणजे किती, असं माझ्या ओठांवर आलं होतं. शंभरात किती. मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला आकडा नको वाटला. ही गोष्ट पोटात घेऊन हा मुलगा काल संध्याकाळपासून आमच्यात वावरला होता, माझं टोपण छान बसलंय म्हणाला होता, सकाळी उठून दगड रचत होता. तिशीचा माणूस. माझ्या ऑफिसात असता तर मी त्याला अरे-तुरे केलं असतं.

मला धीराचं काही बोलता येत नाही. मी ते निमुळतं हत्यार उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.

“हे तुम्हीच करा,” मी म्हटलं. “मी धरतो.”

आधी त्यांनी चिरेच्या शेवटाला सुईएवढं भोक पाडलं. तिथे चीर थांबते, पुढे पळत नाही. मग आतून पट्टी चिकटवली. मागच्या दोन खुंट्या काढल्या आणि मधोमध एक लावली. पुढची भोकं गोल होती, ती पुढे-मागे घासून लांबट केली. हे करताना मी टोपण दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि ते बोलत होते. मी विचारत नव्हतो. आपोआप येत होतं. पुण्याहून येताना गाडीत बसायला जागा नव्हती, दाराजवळ उभे राहून आले, दौंडपर्यंत फोनच लागत नव्हता. पहिल्यांदा बाळ बघितलं तेव्हा भीतीच वाटली. तिच्या पाठीवर लव आहे, मामा, आणि कान अगदी कागदासारखे आहेत. हात लावू दिला तर तिने माझं बोट धरलं. सिस्टर म्हणाल्या, सगळीच बाळं धरतात. धरत असतील, पण माझं धरलं ना.

“रबर पाहिजे होतं,” मध्येच ते म्हणाले. “खुंटीवर खाली-वर चकत्या घालायला.”

मी खाली जाऊन कुकरची जुनी रिंग शोधून आणली. बायकोने ती पाणी द्यायच्या नळीला बांधायला ठेवली होती. तिच्या चकत्या कापल्या. टोपण बसवलं. त्यांनी एका बाजूच्या पुढच्या आणि दुसऱ्या बाजूच्या मागच्या चाकाखाली फरशीचा तुकडा ठेवला, सांगाडा पिळला, आणि चाक टोपणाला कुठे घासतं ते बघून तेवढीच कड कापली. मी टोपणाला बोट लावून बघितलं.

“हलतंय,” मी म्हटलं.

“हलू दे, मामा.”

“हे असंच ठेवायचं?”

“असंच ठेवायचं.”

मला ते बघवत नव्हतं, पण मी हात काढून घेतला.

तेवढ्यात मायलेकी परत आल्या. जावयांच्या हातात कात्री आणि मी मांडी घालून समोर, हे बघून बायको जिन्यातूनच म्हणाली, “अहो, परत तुम्ही पाहुण्यांना…”

“असू दे,” मी म्हटलं. “त्यांची गाडी आहे.” मग मी मुलीला म्हटलं, “इकडे ये, बस जरा. तुला एक सांगायचंय.” जावयांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. सांगायचं ते त्यांनीच सांगितलं. मी शेजारी बसलो होतो एवढंच.

मुलगी शांतपणे ऐकत होती. संपल्यावर नवऱ्याला म्हणाली, “मला कालच कळलं. रात्रीच्या सिस्टरनी मला फोन केला होता, दूध काढून ठेवा म्हणून, तेव्हा बोलल्या. मी म्हटलं, तुला कळलं तर तू ऑफिसचं सगळं सोडून तिथेच बसशील. आणि अप्पांचं बीपी…”

“म्हणजे?” बायको म्हणाली. ती अजून पायरीवरच उभी होती. “म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक, आणि मी आपली वेड्यासारखी झबली शिवायलेय?”

ती खाली बसली. तिने पदर तोंडाला लावला. जावई उठून तिच्या शेजारच्या पायरीवर जाऊन बसले. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, “केवढं वाळलाय रे तू.” त्यांना ती पहिल्यांदाच ‘अरे’ म्हणाली, आणि तिच्या ते ध्यानात आलं नाही. मग तिने सुईत दोरा ओवायला घेतला. नाकं दिसेना, म्हणून त्यांनी ओवून दिला.

संध्याकाळी गाडी पाट्यावर चढली. टोपण वर डुगडुगत होतं, खाली सांगाडा इकडून तिकडे पिळत होता, आणि चारी चाकं दगडाला धरून होती. पलीकडे उतरताना ती जरा घसरली, पण पडली नाही. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. सगळ्यांचे कान खाली चार्जिंगला लावलेल्या फोनकडे होते.

त्यानंतर घरात एक बदल झाला. फोन आला की जो घेईल तो तिथेच, सगळ्यांसमोर बोलायचा. ‘आज एकदा झालं.’ ‘आज झालं नाही.’ ‘आज परत झालं, पण आपणच सुरू झालं, टिचकी लागली नाही.’ दळण आणायला गेलो तरी परतल्यावर मी आधी तेवढंच विचारायचो. मी आणि जावई संध्याकाळचे चालत रुग्णालयापर्यंत जाऊ लागलो. बोलत जायचो. कधी गाडीचं, कधी त्यांच्या वडिलांच्या रेल्वेतल्या नोकरीचं, कधी काहीच नाही. मी त्यांना नकळत ‘तू’ म्हणू लागलो होतो.

मग डॉक्टरांनी बाळाला थोडा थोडा वेळ काचेतून बाहेर काढायला सांगितलं. उघड्या छातीवर बाळाला धरून बसायचं, कातडीला कातडी लागेल असं, वरून कापड बांधायचं. त्यानेही बाळाचा श्वास सुधारतो म्हणाले. आधी मुलगी बसायची. मग तिचा नवरा. तो पहिल्यांदा बसून आला तेव्हा घरी येऊन नुसता सदऱ्याच्या आत हात घालून छाती चाचपत राहिला.

एक दिवस असा आला की मुलीला ताप होता, त्याला ऑफिसच्या कामाने पुण्याला जावंच लागलं होतं, आणि बायकोला खोकला. मी दारात वजन विचारायला गेलो होतो. सिस्टर म्हणाल्या, “आजोबा, तुम्हाला खोकला-सर्दी काही आहे का?”

“नाही.”

“मग हात धुवा आणि या आत. शर्टाची बटणं काढा.”

मी म्हटलं, “मी? मला जमणार नाही.”

“बसायचं तर आहे,” त्या म्हणाल्या. “बसता येतं ना?”

आतल्या खोलीत गार वाटत होतं, आणि सगळीकडून यंत्रांचे बारीक आवाज येत होते. मागे टेकता येईल अशा खुर्चीवर मला बसवलं. माझ्या छातीवरचे केस पांढरे झालेत, याची मला लाज वाटली. सिस्टरनी दोन्ही हातांत तिला आणलं. एका बाजूला वळवलेलं तोंड, डोक्याला टोपडं, नाकाला नळी, पायाच्या अंगठ्याला यंत्राची तांबडी वायर. तिला माझ्या छातीवर बेडकासारखं पालथं ठेवलं आणि वरून कापड गुंडाळून मागे गाठ मारली. वजन मला ठाऊक होतं. सकाळचा आकडा मी नुकताच ऐकला होता. पण अंगावर ते वजन असं लागलंच नाही. नुसती ऊब लागली, आणि त्या उबेत काहीतरी फार भराभर धडधडत होतं.

यंत्र माझ्या डाव्या हाताला होतं. मी त्याच्यावरचे आकडे बघत होतो. आपल्या हलण्याने तिला धक्का बसू नये म्हणून मी अंग आखडून धरलं होतं. मान दुखायला लागली तरी तसाच होतो.

सिस्टर पलीकडच्या बाळाजवळ होत्या. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

“आजोबा,” त्या म्हणाल्या, “तुम्ही श्वास कधी घेणार?”

“अं?”

“मगापासून बघायलेय, धरूनच बसलाय तुम्ही. घ्या की. तुमचा चालला तर तिच्या ध्यानात राहतं.”

मी श्वास घेतला. ती माझ्याबरोबर वर आली, आणि मी सोडला तशी खाली गेली.